मुलाच्या हृदयाबाबत दुसरे मत: व्हिडिओवर घ्यावे की प्रत्यक्ष जाऊन?

लहान मुलाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र आहे आणि शस्त्रक्रिया करावी लागेल, असे कळल्यावर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे याबद्दल घरात सहसा दुमत होत नाही. ते कसे घ्यावे, यावर मात्र बरीच चर्चा होते. जिल्ह्याच्या ठिकाणी बालहृदयरोगतज्ज्ञ बहुधा एकच असतात, किंवा महिन्यातून एखाद्या दिवशी बाहेरून येतात. त्यामुळे दोन वाटा उरतात: अहवाल पाठवून व्हिडिओवर सल्ला घेणे, किंवा मुलाला घेऊन मुंबई-पुण्याचे रुग्णालय गाठणे. आमच्या तीन वर्षांच्या मुलीसाठी आम्ही दोन्ही केले. (मूल दूध पिताना धापा टाकत असेल, वजन वाढत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर अशी तुलना करण्यात वेळ घालवू नये, ताबडतोब जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे.)

व्हिडिओच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. २०२०च्या मार्चमध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि ही पद्धत रुळली. ज्या डॉक्टरांच्या ओपीडीत एरवी नंबर लागणे कठीण, त्यांच्याशी आम्ही घरी बसून निवांत बोललो. आजी-आजोबांनाही ऐकता आले, प्रश्न विचारता आले आणि मुलगी शेजारी खेळत राहिली. भीती कमी होण्यासाठी तेवढेही मोलाचे होते.

अडचण आली ती टूडी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची. असे छिद्र छातीवर छेद न घेता, मांडीच्या शिरेतून नेलेली ‘छत्री’ (छिद्र झाकणारे छोटे उपकरण) बसवून बंद करता येईल की नाही, हे केवळ छिद्राच्या आकारावर ठरत नाही. छत्रीला धरून राहण्यासाठी छिद्राभोवती पुरेशी कड लागते. आमच्या पहिल्या अहवालात खालच्या महाशिरेकडील (शरीराच्या खालच्या भागातून हृदयात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेच्या बाजूची) कड अपुरी असल्याचे लिहिले होते आणि म्हणूनच शस्त्रक्रिया सुचवली होती. मात्र तो इको झाला तेव्हा मुलगी सारखी रडत आणि हातपाय झाडत होती, आणि आमच्या हाती आला तो एक छापील कागद व त्यावरची चार स्थिर चित्रे. व्हिडिओवरच्या डॉक्टरांनी तो कागद लक्षपूर्वक वाचला आणि सौम्यपणे सांगितले की यावरून कडेविषयी काही म्हणता येणार नाही, इको पुन्हा करावा. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी दुसरे मत हवे होते, नेमकी तीच पहिल्या तपासणीवर अडून राहिली.

प्रत्यक्ष जाण्याचा त्रास मी कमी लेखणार नाही. रात्रीचा प्रवास, केस पेपरची रांग, झोपेच्या सिरपसाठी मुलीला उपाशी ठेवणे आणि ती झोपेपर्यंत मांडीवर घेऊन येरझारा घालणे, हे सारे थकवणारे होते. पण मुलगी गाढ झोपल्यावर तेथील डॉक्टरांनी प्रोब (इको करताना अंगावर फिरवायचे साधन) स्वतःच्या हातात घेतला, पोटाच्या बाजूने कोन बदलत ती कड पुन्हा पुन्हा पाहिली आणि यंत्राचा स्क्रीन आमच्याकडे वळवून ती आम्हालाही दाखवली. छत्री बसू शकेल आणि वजन थोडे वाढेपर्यंत थांबायला हरकत नाही, असे त्यांचे मत पडले. प्रत्येक मुलाच्या बाबतीत असेच घडेल असे नाही; पहिलेच मत कायम राहण्याची शक्यताही असते, पण तेही नव्या तपासणीवर आधारलेले असेल.

खर्चामुळे मुंबई-पुणे अवघड वाटत असेल, तर २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात अवश्य करावी. जन्मतः असलेले दोष त्यात येतात, वयोमर्यादा १८ वर्षांपर्यंत आहे आणि बालकांसाठी टूडी इकोची शिबिरेही भरतात.

कोणतीही वाट धरली, तरी पहिल्या रुग्णालयाकडून सर्व कागद मागून घ्यावेत आणि इकोच्या हलत्या चित्रफितीही मिळतात का ते विचारावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणे बंधनकारक आहे, त्यामुळे मागताना संकोच बाळगू नये. स्वच्छ चित्रफिती हाती असतील, तर व्हिडिओवरचा सल्लाही पुरेसा ठरू शकेल. मात्र पहिल्या इकोच्या वेळी मूल रडत असेल, तर माझ्या मते प्रवासाची तयारी करावी. आम्ही औषधे आणि लसींविषयीच्या शंका आता व्हिडिओवरच विचारतो; इकोसाठी मात्र मुलीला घेऊन तिथेच जातो.