हिमालयनला स्क्रॅमचं पुढचं चाक, सहा महिने वापरून

माझी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे, २०२१ ची. नाशिकला जेल रोडहून अंबडला कंपनीत रोज जातो म्हणजे द्वारका, मुंबई नाका सगळं गर्दीतलं, आणि ते २१ इंची पुढचं चाक तिथे फार जड जातं हो, सिग्नलला रिक्षांच्या मधून हॅन्डल वळवायचं म्हटलं की नांगर फिरवल्यासारखं वाटायचं. २०२२ ला स्क्रॅम ४११ आली, इंजिन तेच, चेसिस जवळपास तीच, पण पुढे १९ इंची चाक. तेव्हापासून डोक्यात होतं. शेवटी एका स्क्रॅमवाल्याकडून पूर्ण चाक घेतलं, डिस्क, एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) वेग मोजायची रिंग आणि टायरसकट. नुसता रिम घेऊन आपल्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, स्पोक ओवत बसू नका, पूर्णच चाक घ्या. पुढची डिस्क दोन्ही गाड्यांना ३०० एमएमचीच आहे त्यामुळे कॅलिपरला, म्हणजे डिस्क दाबून धरणाऱ्या भागाला, हात लावावा लागत नाही.

पहिल्यांदा घराजवळच्या गॅरेजला बसवलं तर एबीएसचा लाईट जाईचना. चावी लावल्यावर तो लागतो आणि गाडी जरा चालली की विझायला पाहिजे, माझा तसाच चालू. वर चाक हाताने फिरवलं तर डिस्क पॅडला घासून खस खस आवाज. दोन दिवस तशीच चालवली, ते चुकलंच माझं, ब्रेकच्या बाबतीत असं करायचं नसतं. मग सातपूरला एका मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी ॲक्सल काढला, चाकाच्या दोन्हीकडचे बुश (ॲक्सलवर बसणाऱ्या नळ्या) हातात घेऊन एकमेकांना लावून मला दाखवले, एक जाड एक बारीक, आणि ते उलटसुलट बसवलेले! त्यामुळे चाक एका बाजूला सरकलेलं आणि रिंग सेन्सरपासून लांब गेलेली. नीट बसवल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर लाईट गेला. काकांनी चाक आऊट आहे का, म्हणजे फिरताना डगमगतं का, तेही बघितलं, तीनचार स्पोक टाईट केले, ॲक्सल टॉर्क पान्याने आवळला आणि मजुरी घेतली फक्त ४०० रुपये. अशा माणसाचं काम बघून बरं वाटतं.

आता गाडी कशी चालते ते. मूळ टायर ९०/९०-२१, हा १००/९०-१९, म्हणजे व्यासात साधारण ३३ एमएमचा फरक आणि पुढून गाडी १६ एमएमच्या आसपास खाली बसते. तेवढ्यानेच फोर्क, म्हणजे पुढचे शॉकॲब्सॉर्बर, जरा उभा होतो आणि हॅन्डल एकदम हलकं होतं. वणीकडून सापुताऱ्याला गेलो तेव्हा घाटातल्या वळणांना गाडी आपणहून आत जाते असं वाटलं, आधी ढकलावी लागायची. गल्लीत यू टर्न एका दमात बसतो.

पण त्र्यंबकवरून हरसूलकडे गेलो तेव्हा २१ ची आठवण आली. मोठं चाक खड्ड्यावरून तरंगत जायचं, हे आत उतरून बाहेर येतं आणि मनगटाला कळतं. ग्राउंड क्लिअरन्सपण थोडा गेला, दगडधोंड्यात जाणाऱ्यांनी हा उद्योग करूच नये. साईड स्टँडला गाडी आधीपेक्षा जास्त उभी राहते, उताराला लावताना मी आता मेन स्टँडच लावतो. आणि मडगार्ड ते टायर गॅप वाढते, दिसायला मला आवडत नाही, बायको म्हणते कुणाला कळतपण नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. एबीएस दोन्ही चाकांचा वेग ताडून बघतं आणि पुढचं चाक आता जवळपास ५ टक्के जास्त फिरतं. माझ्या गाडीला काही त्रास नाही, पण मी बसवल्या बसवल्या रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर आधी २० ला, मग ४० ला, मग खडीवर दाबून ब्रेक मारून बघितले आणि मगच बायकोला मागे बसवलं. तुम्हीही तेवढं कराच. जुनं चाक मी विकलं नाहीये, टायर काढून माळ्यावर ठेवलंय, पुढच्या वर्षी स्पितीला जायचं ठरतंय तेव्हा तेच परत लावणार.