एकट्यानं कॅनू घेऊन उत्तरेला जायचंय, तर युकॉन का थेलॉन?

नांदेड-परभणीकडची दोन-तीन पोरं सध्या हेच विचारायलेत, की कॅनडात एकट्यानं कॅनूनं, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीनं, लांबची ट्रिप करायचीय, तर युकॉन नदी धरावी का थेलॉन. फोटो बघितले तर कुणीही थेलॉनच म्हणणार, माणूस नाही, गाव नाही, काठावर मस्कऑक्स (लांब केसांचे रानबैलासारखे प्राणी) आणि कॅरिबू (तिकडचे रेनडिअर) चरायलेत. पण एकटं जाणाऱ्यानं आधी हे बघायचं, की काही झालं तर मदत किती लांब आहे. पाणी किती अवघड हे त्याच्या नंतर येतं.

युकॉन म्हणजे इथं व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी हा पट्टा, साधारण 715 किमी. सोन्याच्या मागं लागलेले हजारो लोक 1898 साली ह्याच पाण्यानं खाली उतरले होते, त्यांच्या मोडक्या खोल्या अजून काठावर दिसतात. प्रवाहाला चांगली ओढ आहे, रोज नेमानं वल्हं मारलं तर दोन आठवड्यांत आरामात पोचता येतं. कॅनू व्हाइटहॉर्सला भाड्यानं घ्यायची आणि डॉसनला जमा करायची. मधे कारमॅक्स गावाला रस्ता लागतो, दुकान आहे, तिथं हिंमत संपली तर ट्रिप सोडून देता येते. उन्हाळ्यात इतर कॅनूवालेही भेटत राहतात. म्हणून काय ही सहल नाही, फोर्ट सेलकर्कच्या पुढं डॉसनपर्यंत काठाला रस्ता येत नाही, मोबाईलला रेंज नाही आणि अस्वलं दोन्ही जातीची आहेत, काळीही आणि ग्रिझलीही.

ह्या पट्ट्यात खरी भीती लबार्ज तलावाची. पन्नासेक किमी लांब, पाणी भर उन्हाळ्यातही बर्फासारखं गार, आणि दुपारी वारा सुटला की बघता बघता लाटा उभ्या राहतात. सामानानं भरलेली कॅनू मधे उलटली तर एकट्या माणसाला ती सरळ करून परत आत चढणं जवळपास अशक्य आहे, मग तुम्ही गोदावरीत कितीही पोहलेले असा. गार पाण्याचा तिकडं एक हिशोब सांगतात, पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला जातं, पुढची 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात आणि साधारण 1 तासात शुद्ध हरपते. म्हणून लाइफ जॅकेट कायम अंगावर, पहाटे नाहीतर रात्री उशिरा निघायचं, जूनमध्ये तिकडं उजेड असतोच, आणि काठ सोडायचाच नाही, लांब पडलं तरी चालेल. तलाव नकोच असेल तर जॉन्सन्स क्रॉसिंगहून टेस्लिन नदीनं उतरा, ती हूटालिंक्वाला युकॉनला मिळते, लबार्ज आपोआप टळतो. कारमॅक्सच्या खाली फाइव्ह फिंगर रॅपिड, म्हणजे खडकांमधला जोरदार खळाळ, लागतं, तिथं उजवीकडची धार धरायची, एवढं लक्षात ठेवलं तर निघून जातं.

आता थेलॉन. जवळपास 900 किमीची नदी, शेवटी कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या बेकर लेकला जाते आणि वाटेत एकही गाव नाही. 1927 साली केलेलं थेलॉन अभयारण्य 50 हजार चौ. किमीच्या वर आहे, म्हणजे आपल्या मराठवाड्यापेक्षा थोडंच लहान, आणि त्यात वस्ती शून्य. त्याच साली जॉन हॉर्नबी हा रानात भटकणारा इंग्रज आणि त्याचे दोन सोबती ह्याच नदीकाठी भुकेनं मेले, ज्या कॅरिबूंवर भरवसा होता त्यांचे कळप गाठता आले नाहीत आणि अन्न संपलं. आज सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसली तरी उपग्रहामार्फत मेसेज धाडणारं यंत्र, आहे हे खरं, पण मेसेज गेला तरी विमानाला हवामान उघडायची वाट बघावीच लागते. जायचं तर यलोनाइफसारख्या ठिकाणाहून पाण्यावर उतरणारं विमान ठरवावं लागतं, आणि चौघांत वाटला जाणारा खर्च सगळा तुमच्या एकट्याच्या डोक्यावर येतो. खालच्या भागात बेव्हर्ली, अबर्डीन, शुल्ट्झ असे मोठे तलाव लागतात, आडोशाला झाड नाही, वाऱ्यानं दिवसच्या दिवस तंबूत बसवलं तर शिधा तेवढा जास्तीचा पाहिजे.

तिकडच्याच मॅकेन्झी नदीचंही एकानं विचारलं. 1,738 किमी, गावं लागत जातात पण अंतरानं, नदी लई रुंद आणि तळ्यासारखी कंटाळवाणी होते. दीड-दोन महिने मोकळे असतील तरच.

आपल्याकडच्या माणसाला आणखी एक अडचण, ती म्हणजे खरीप. थेलॉनच्या तळ्यांवरचा बर्फ जून संपेपर्यंत रेंगाळतो, त्यामुळं जुलै ते ऑगस्टचा मध्य एवढाच वेळ मिळतो, म्हणजे नेमका खुरपणी-फवारणीचा. युकॉनला तुम्ही ऑगस्टच्या मध्यानंतरही निघू शकता, सोयाबीन काढणीच्या आत घरी येता. तेव्हा डासही कमी झालेले असतात आणि रात्री पुरेशा अंधाऱ्या, नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे आकाशात हलणारे रंगीत उजेड, दिसायची शक्यता असते. गारठा मात्र शून्याजवळ जातो, स्लीपिंग बॅग त्या हिशोबानं घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा एकट्यानं जायचं तर युकॉन, दुसरा विचारच करू नका. थेलॉन त्यानंच करावी ज्यानं आधी अशा थंड मोठ्या पाण्यावर बरेच सीझन काढलेत, वारा पडेपर्यंत गप बसायची ज्याला सवय आहे, आणि शक्य असेल तर तेव्हाही सोबत दुसरी कॅनू असू द्या.

बेअर स्प्रे (अस्वलाला हुसकवायचा तिखट फवारा) आणि स्टोव्हचं इंधन विमानात चालत नाही, तिकडंच घ्या. कडक भाकरी न् शेंगदाण्याची चटणी न्यायला हरकत नाही, कस्टमला सांगून टाका, आणि कॅम्पवर सगळं खाणं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, तंबूपासून लांब. सॅटेलाइट मेसेंजर तिकडंच भाड्यानं घ्या आणि तिथंच परत करा, कारण आपल्या देशात परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर अडकाल.