पाड्यावरच्या मागे पडलेल्या शाळेसाठी: टीव्ही, स्वयंसेवक की स्तरानुसार वर्ग?

समजा, पट ५५, वर्ग चार आणि शिक्षक दोन. ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्याचंच प्रमाण आहे, त्यामुळे तिसरा मिळेल या आशेवर बसू नका. तिसरी-चौथीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा परिच्छेद वाचता येत नाही. ग्रामपंचायत थोडा निधी द्यायला तयार आहे, एखादी कंपनीही विचारते आहे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याचा पाडा असो की जळगावच्या चोपडा-यावलची वस्ती, शाळा व्यवस्थापन समितीपुढे तेव्हा साधारण तीन वाटा असतात.

पहिली वाट साधनांची: रंगरंगोटी, स्मार्ट टीव्ही, डिजिटल वर्ग. धुळे जिल्ह्याने लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करून दाखवल्या. त्यातली खरी कमाई म्हणजे गाव शाळेकडे वळलं. पण कोणत्या मुलाला जोडाक्षर अडतं, हे टीव्हीला कळत नाही. शिवाय दुरुस्तीचा खर्च दरवर्षी कोण देणार, हे आधीच ठरवावं लागतं.

दुसरी वाट स्वयंसेवक शिक्षकाची. सातपुड्यात तिचं मोल मोठं आहे. पावरी किंवा भिली बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकीच असते. पाड्यावरचीच बारावी झालेली मुलगी वर्गात असली तर ते पहिल्या दिवसापासून बोलू लागतं. धोका वेगळा आहे. उत्तराखंडातल्या एका प्रयोगात शाळेत आलेले स्वयंसेवक नेहमीचेच वर्ग सांभाळू लागले आणि मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. म्हणून मानधनाआधी तिचं काम ठरवा: पहिली-दुसरीची मुलं, त्यांची बोली आणि तिथून मराठीकडे नेणं. रिकाम्या तासाला उभं करण्यासाठी तिला बोलावू नका.

तिसरी वाट स्तरानुसार अध्यापनाची. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने ही पद्धत घडवली. इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे गट करायचे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. रोज ठरलेला तास त्यालाच द्यायचा, दर काही आठवड्यांनी तपासायचं आणि मूल पुढे गेलं की गट बदलायचा. दोन शिक्षकांच्या शाळेत एरवीही दोन-दोन वर्ग एकत्र बसतात, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे. हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शिक्षकांनीच हे केलं आणि वाचन सुधारलं, कारण तास राखून ठेवला होता आणि वरून कुणीतरी नियमित येऊन बघत होतं. बिहारमध्ये शिक्षकांना नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, तिथे शाळेच्या तासांत फारसं काही हललं नाही. आपल्याकडे बघणारा माणूस म्हणजे केंद्रप्रमुख, आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा अधिकारी. ते महिन्यातून एकदा तरी येऊन चार मुलांना स्वतः वाचायला लावतील का, हे विचारल्याशिवाय ही वाट धरू नका.

माझा कौल तिसऱ्या वाटेला आहे, कारण बदलीनंतर तीच टिकू शकते. मुख्याध्यापक गेले की त्यांचा उत्साह सोबत जातो. पण प्रत्येक मुलाच्या स्तराची नोंदवही आणि वेळापत्रकातला राखीव तास नव्या शिक्षकाच्या हाती पडतो. तीन वर्षांच्या शाळा विकास आराखड्यात हे लिहून घ्या. समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यांनाच दर बैठकीत नोंदवही वाचून दाखवा.

मात्र दिवाळीनंतर निम्मा वर्ग ऊसतोडीला गुजरातेत जात असेल, तर या तिन्ही वाटांआधी मुलं गावातच कशी राहतील ते बघा. सरकारच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आजी-आजोबा घरी असतील तर मुलांना त्यांच्याकडे ठेवायला पालक पुष्कळदा तयार होतात. पण ही बोलणी पालकांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेण्याआधी, पावसाळ्यातच व्हायला हवी. तरी जे मूल जाईल त्याच्या हाती शिक्षण हमी पत्रक (जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं पत्र) द्या आणि परत आल्यावर त्याला इयत्तेत न ढकलता थेट त्याच्या स्तराच्या गटात बसवा. सपाटीवर कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी घटते, तिथेही हाच उपाय चालतो.

शिक्षकाची जागाच रिकामी असेल तर मात्र स्वयंसेवक आधी. पिण्याचं पाणी किंवा मुलींचं स्वच्छतागृह नसेल तर पहिला पैसा तिथेच. टीव्ही घ्यायचाच असेल तर दुसऱ्या वर्षी घ्या, गट नीट बसल्यावर.