बोटं पांढरी पडणाऱ्यांसाठी: हँड वॉर्मर आणि मिटन्सचा रिव्ह्यू

गेल्या जानेवारीत सह्याद्रीतल्या तैलबैलाला, तिथल्या कातळभिंतीवर क्लाइंबिंगला गेलो होतो, सकाळी सातला खिंडीत वारा असा की विचारू नका. मी बिलेला होते, म्हणजे चढणाऱ्याचा रोप खालून सांभाळत होते, आणि अर्ध्या तासात उजव्या हाताची तीन बोटं खडूसारखी पांढरी, पेरापाशी रेघ मारल्यासारखी. रोप हातात दिसतोय पण लागत नाहीये. वर मित्र लीड करतोय, म्हणजे पहिला चढतोय, आणि खाली आपल्यालाच कळत नाही रोप नीट धरलाय का, ती भीती अजून गेली नाहीये. ओरडून सांगितलं, त्याने खडकात ठोकलेल्या बोल्टला स्वतःला अडकवलं आणि मग दुसऱ्याने बिले घेतला.

ठाण्यात डॉक्टरांना दाखवलं तर रेनॉड निघाला. थंडीत बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून बोटं आधी पांढरी, मग निळी आणि रक्त परत आलं की लाल होऊन असा ठणका लागतो की डोळ्यात पाणी येतं. मॉरिस रेनॉड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली हे लिहून ठेवलंय. कधीकधी यामागे ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारखा ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) असतो म्हणून रक्त तपासून घेतलं, माझं क्लिअर आलं. तुमचं असं होत असेल तर आधी डॉक्टरकडे जा, खरेदी नंतर.

आता वस्तूंबद्दल. नौपाड्यातल्या एका छोट्या ट्रेकिंगच्या दुकानातून वापरून फेकायचे हँड वॉर्मर घेतले, आत लोखंडाची पावडर, मीठ आणि कोळसा असतो, पाकीट फोडलं की हवा लागून लोखंड गंजायला लागतं आणि त्याचीच ऊब. फोडून लगेच ग्लोव्हमध्ये कोंबलं तर हवा मिळत नाही आणि थंडगार पडतं, हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. आधी पंधरा मिनिटं जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवायचं, मधूनमधून हलवायचं. काम झालं की हवा काढून झिपलॉकमध्ये बंद केलं तर विझतं आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं वापरता येतं, माझी एक जोडी अशी दोन सकाळी चालली.

आधी एकदा ऑनलाइन मागवलेले होते, त्यातली दोन पाकिटं फोडायच्या आधीच दगडासारखी कडक, म्हणजे कुठूनतरी हवा शिरून घरीच संपलेली. दुकानातून घेताना हाताने दाबून बघा, आत भुसभुशीत लागायला हवं.

ऑक्टोबरमध्ये हे वॉर्मर हिमाचलमधल्या फ्रेंडशिप पीकला नेले (५,२८९ मीटर). तिथे हवा विरळ, त्यामुळे ठाण्यात टेस्ट करताना जेवढे तापले होते तेवढे वर तापलेच नाहीत, हे गृहीत धरूनच न्या. आणि बधिर बोटांवर थेट ठेवू नका, चटका बसला तरी कळत नाही. मी मनगटाच्या आतल्या बाजूला, पातळ लायनरच्या (आतल्या हातमोज्याच्या) वरून ठेवते, तिथून रक्त बोटांकडे जातं आणि बोटं खडकावरचे होल्ड पकडायला मोकळी राहतात.

पण खरा फरक पडला तो मिटन्सने, म्हणजे अंगठा सोडून बाकी बोटं एकाच कप्प्यात राहतात त्या हातमोज्यांनी. मी बोटांचे ग्लोव्ह मागत होते, दुकानातले काका म्हणाले, "ताई, बोटं एकत्र राहिली तर एकमेकांना ऊब देतात, आणि एक साईज मोठी घ्या, घट्ट झालं की रक्त अडतं." दहा मिनिटं मला लायनर घालून वेगवेगळे साईज ट्राय करू दिले, शनिवारी संध्याकाळी दुकानात गर्दी असताना. माझं काही विकत घेणं तेव्हा नक्कीही नव्हतं.

आता बिलेला उभी राहिले की मिटन्स, क्लाइंब करताना हार्नेसला लटकवलेले, स्टान्सवर (वर थांबायच्या जागी) पोचलं की हाताची चॉक पावडर झटकून लगेच परत आत हात. मनगट आवळू नये म्हणून घड्याळ काढून ठेवते. बोटं पांढरी पडायला लागली की हात खांद्यातून जोरात गोल फिरवायचे, रक्त खाली ढकललं जातं, वीस-पंचवीस फेऱ्यांत माझा रंग परत येतो. आणि जॅकेट आधी घालायचं, हुडहुडी भरल्यावर नाही, कारण अंग थंड पडलं की शरीर सगळ्यात आधी हातापायांचंच रक्त कमी करतं.

वॉर्मरला पाचपैकी तीन, मिटन्सला पाच, काकांना वेगळे पाच. वापरलेली पाकिटं डोंगरावर टाकू नका, सॅकच्या बाजूच्या कप्प्यात भरून खाली आणा. जानेवारीत परत तैलबैला ठरलंय आणि यावेळी बिले मीच मागून घेतलाय.