हाडाच्या कॅन्सरनंतर जयपूर फूट: पाऊल दणकट, सॉकेटवर मात्र नजर हवी

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास होतो. पाय वाचवणं जमलं नाही, तर तो मांडीतूनच काढावा लागतो. अशा पेशंटला जयपूर फूट हा कृत्रिम पाय चालेल का? चालेल, पण पाऊल, गुडघा आणि सॉकेट (उरलेली मांडी ज्यात बसते तो वरचा पोकळ भाग) यांना एकच मार्क देता येत नाहीत.

पहिला नंबर पावलाचा. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूरमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस बनवलेल्या या पावलात टाच आणि चवडा स्पंजी रबराचा, घोट्यात लाकडी ठोकळा आणि बाहेरून चिवट रबराचं आवरण असतं. चवडा वाकतो, त्यामुळे बांधावर, चढावर, चिखलात पाय नीट टेकतो. बूट लागत नाही. देवळात, स्वयंपाकघरात अनवाणी चालता येतं. बिघाड सुरू होतो तळव्याकडून. चवडा जिथे वाकतो तिथे रबर चिरलं, की पाणी आत लाकडापर्यंत जातं आणि लाकूड फुगतं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाऊल हाताने वाकवून चीर शोधा. चालताना घोट्यातून कुरकुर ऐकू आली, तर आधी स्क्रू तपासून घ्या.

गुडघ्यासाठी स्टॅनफोर्ड विद्यापीठासोबत तयार केलेला नायलॉनचा चार-दांडी सांधा मिळाला तर तोच घ्या. साध्या एका बिजागरीच्या गुडघ्यापेक्षा तो टाच टेकताना कमी दगा देतो. वेगात चालताना मात्र खालचा पाय मागे रेंगाळतो. तेवढी तडजोड करावी लागते.

खरी गोम सॉकेटमध्ये आहे. स्टंपचा, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाचा, प्लास्टरचा साचा घेतात, त्यावर एचडीपीई या टणक प्लास्टिकचा पाइप गरम करून ओढतात. हलकं, स्वस्त, न गंजणारं. पण हवा अजिबात खेळत नाही. मे महिन्यात, आणि कोकणच्या दमट हवेत तर जास्तच, आत घामाची धार लागते आणि जांघेतली कातडी सोलवटते. सॉकेटच्या आत स्टंपवर घालायचा मोजा दुपारी बदला. स्टंप रात्री धुवा, सकाळी नको: ओलसर कातडी सॉकेटला चिकटते.

अपघातातल्या पेशंटपेक्षा कॅन्सरच्या पेशंटचं गणित इथेच वेगळं पडतं. केमो चालू असताना वजन आणि अंगावरची सूज सारखी बदलते, त्याबरोबर स्टंपची जाडीही. सोमवारी घट्ट बसलेलं सॉकेट दोन आठवड्यांत खुळखुळतं. स्टंप खोल उतरला की जांघेत टोचतं. मग मोज्याचा एक थर वाढवा. उलट वरच अडकत असेल तर थर कमी करा. थरावर थर चढवूनही पाय ढिला राहिला, तर नवीन साचाच हवा, पट्टा आवळून भागत नाही. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना फोड आला, तर तो भरेपर्यंत पाय घालू नका, कुबड्या वापरा. आणि ताप आला तर थेट हॉस्पिटल गाठा.

भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५पासून हा पाय मोफत देते, बहुतेक वेळा एका दिवसात. गुडघ्याखालच्या स्टंपला ते ठीक. मांडीच्या स्टंपला चालण्याचा सराव एका दिवसात होत नाही. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट आधीच गाठून ठेवा. माप द्यायच्या आधीचे आठवडेही महत्त्वाचे. स्टंपखाली उशी घेऊ नका, दिवसातून दोनदा वीस-तीस मिनिटं पालथं झोपा. खुबा वाकलेला राहिला, तर कितीही चांगला पाय बसवा, पेशंट पुढे झुकूनच चालेल.

वाढत्या वयाच्या मुलांचा पाय दर काही महिन्यांनी तपासा. दोन्ही पायांवर उभं करून मागून कमरेची हाडं बघा. कृत्रिम पायाची बाजू बरीच खाली दिसली, की कृत्रिम पायाच्या नळीची उंची वाढवायची वेळ झाली. स्टंपमध्ये नवी गाठ किंवा रात्रीची ठणक आली, तर दोष सॉकेटला देत बसू नका. आधी सर्जनला दाखवा.