निकालाच्या रात्रीची पार्टी: लोअर परळचं रूफटॉप आणि ताजमागचं बडेमियाँ

पुढच्या निवडणुकीला परत कुणीतरी 'रिझल्ट नाइट'चं पोस्टर ग्रुपवर टाकणारच, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. अनुभव २३ नोव्हेंबर २०२४ चा, विधानसभेचा निकाल लागला त्या रात्रीचा. जागा लोअर परळचं एक रूफटॉप, नाव घेत नाही कारण मॅनेजर बिचारा सज्जन माणूस होता.

मुळात कल्पनाच उसनी आहे. अमेरिकेत मतदान संपलं की त्याच रात्री मोजणी, त्यामुळे तिकडची मंडळी ग्लास घेऊन स्क्रीनसमोर बसतात ते समजू शकतं. आपल्याकडे सकाळी ८ ला पोस्टल मतं उघडतात, अर्ध्या तासाने मशीन, आणि जेवायच्या वेळेपर्यंत कोण हसतंय कोण रडतंय ते सगळ्यांना कळलेलं असतं. वर निकाल जाहीर होईपर्यंत ड्राय डे. म्हणजे ग्लास भरायची परवानगी मिळते तेव्हा बघायला काही उरलेलंच नसतं! पोस्टरवर 'लाइव्ह काउंटिंग ऑन बिग स्क्रीन' होतं, आम्ही पोचलो तेव्हा बिग स्क्रीनवर पर्थ टेस्टचे हायलाइट्स, जैस्वाल आणि राहुल, बिनबाद १७२. तक्रार नाही, त्या दिवशी बघण्यासारखं तेच होतं.

मेन्यूत 'किंगमेकर' आणि 'हंग असेंब्ली' (म्हणजे त्रिशंकू विधानसभा) नावाची कॉकटेल्स. २८८ च्या सभागृहात भाजप एकट्याचेच १३२, सोबत शिंदे ५७, अजितदादा ४१, त्यामुळे हंग असेंब्ली कोण मागवणार, वेटरच म्हणाला मॅडम ते राहू द्या, दुसरं काहीतरी घ्या. स्टार्टर गार आणि प्लेट केवढी तर बशीएवढी, पण पॅकेजचे पैसे आधीच भरलेले. आणि त्या उंच, पाठ नसलेल्या स्टुलांबद्दल मला खरंच बोलायचंय. पहाटे उठून मोजणी केंद्राबाहेर उभं राहिलेल्या, दिवसभर ढोलताशा कानात घेतलेल्या, केसात गुलाल अडकलेल्या बातमीदाराला तुम्ही स्टुलावर बसवता?? त्यात डीजे. डेस्कवरून फोन, माहीमचा आकडा परत सांग, मी वॉशरूमच्या पॅसेजमध्ये एका कानात बोट घालून ओरडतेय की महेश सावंत, १३१६ ने, हो सरवणकर दुसरे, अमित ठाकरे तिसरे, आणि हात धुवायला आलेल्या बाई माझ्याकडे अशा बघतायत की जणू मीच उमेदवार.

एक गोष्ट मात्र आवडली. तोच वेटर, भंडारा जिल्ह्यातला, गळ्यातलं कार्ड बघून हळूच म्हणाला, मॅडम आमच्या साकोलीत काय झालं? दिवसभर ड्युटी, फोन लॉकरमध्ये. मी सांगितलं, नाना पटोले आले, पण २०८ मतांनी. तो म्हणाला दोनशे आठ हजार? मी म्हटलं नाही हो, नुसते दोनशे आठ. ट्रे तसाच हातात धरून हसत उभा राहिला. अख्ख्या पार्टीत निकालात खरा इंटरेस्ट असलेला हा एकच माणूस भेटला, आणि त्यालाच दिवसभर स्क्रीन दिसला नव्हता.

शेवटी आमच्या फोटोग्राफरने वैतागून टॅक्सी केली आणि थेट कुलाबा, ताजच्या मागची गल्ली, बडेमियाँ. इथे आधी जायला हवं होतं हे सगळ्यांना माहीत असतं तरी कुणीतरी पोस्टर टाकतं. निखाऱ्यावरचे सीख कबाब, वर कच्चा कांदा आणि हिरवी चटणी, रुमाली रोटी इतकी गरम की बोटं बदलत फाडावी लागते, आणि बैदा रोटी, जी आम्ही एक शेअर करू म्हणून मागवली आणि मग प्रत्येकाने आपापली घेतली. वेगवेगळ्या चॅनलची मंडळी येत गेली, सकाळी बूम माइक पुढे करण्यावरून भांडलेले दोघं एकाच प्लेटमधे. नरिमन पॉइंटला भाजप ऑफिसबाहेर उभे असलेले दिवसभर लाडू खाऊन कंटाळलेले, त्यांना तिखट हवं होतं. बाळासाहेब थोरात संगमनेरमध्ये पडले, पृथ्वीराज चव्हाण कराड दक्षिणमध्ये, यावर कुणाचाच अजून विश्वास बसत नव्हता, त्यावर वाद, मग मुख्यमंत्री कोण यावर पैजा. फडणवीसांचं नाव जाहीर व्हायला ४ डिसेंबर उजाडला आणि तोपर्यंत पैज लावणारे निम्मे लोक आपण काय म्हणालो होतो तेच विसरले, कबाब कुणीच खिलवले नाहीत.

रूफटॉपला दोन स्टार, दोन्ही त्या वेटरचे. बडेमियाँला साडेचार. जाताना पांढरे कपडे घालू नका, गुलाल कितीही झटकला तरी कांदा खाताना हाताला लागतोच.