दिव्यांग सुपरहिरो खेळवायचाय? चॅम्पियन्स की म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स

ग्रुपमधलं कोणीतरी म्हणतं माझी हिरॉइन व्हीलचेअरवर असणार, आणि मग प्रश्न येतो की गेम कुठला घ्यायचा. चॅम्पियन्स आणि म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स, दोन्ही सुपरहिरोंचे रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून डाइस टाकत आपापलं कॅरेक्टर खेळायचं. दोन्ही चालवून झालेत म्हणून सांगतो.

चॅम्पियन्स जुना, १९८१ चा. त्यात अपंगत्वाचे पॉइंट्स कॅरेक्टर बनवतानाच हातात पडतात, पॉवर्स घ्यायला वापरायचे, आणि अपंगत्व किती वेळा आडवं येणार आणि किती जड जाणार त्यावर हिशोब. इथेच घोळ होतो. आमच्या एका भावाने लेझर मोठा करायला एक डोळा गेलेला, एक पाय अधू असं भाजी घेतल्यासारखं भरलं. आणि पॉइंट्स आधीच दिलेत म्हटल्यावर जीएम (गेम चालवणारा) म्हणून मी वसुलीला बसलो, जिकडे जाईल तिकडे जिना, लिफ्ट बंद, तिसऱ्या सेशनला भाऊ वैतागला, बरोबरच होतं त्याचं.

म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्सच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०११) आधी काहीच मिळत नाही, फक्त कॉम्प्लिकेशन (अडचण) म्हणून लिहून ठेवायचं, खेळताना खरंच अडलं की त्याच वेळी एक हिरो पॉइंट. आमच्यात एक कर्णबधिर हिरॉइन होती, ओठ वाचणारी. गोडाऊनमध्ये व्हिलनने मेन स्विच पाडला, अंधारात ओठ दिसेनात, मी पॉइंट दिला. तिने काय करावं, पार्टनरच्या हातांवर टॉर्च मारला आणि खुणांनी बोलायला लागली, बाकीचे चाचपडतायत आणि या दोघांचं प्लॅनिंग चालू! तो पॉइंट मग क्लायमॅक्सला पडलेला डाइस परत टाकायला वापरला.

चॅम्पियन्सची एक गोष्ट मात्र मला जाम आवडते, जी अडचण अडवतच नाही तिचे पॉइंट्स नाहीत. म्हणजे कॉमिक्समधल्या डेअरडेव्हिलसारखा आंधळा पण रडारने सगळं कळतं असा हिरो आणलात तर आंधळेपणाचे फार काही मिळणार नाही. त्यापेक्षा बॅटमॅनच्या कॉमिक्समधली ऑरॅकल बघा, १९८९ पासून व्हीलचेअरवर बसून डोकं आणि कॉम्प्युटरच्या जोरावर अख्ख्या टीमला माहिती पुरवायची. २०११ ला तिला परत चालती केली तेव्हा बरेच वाचक चिडले होते, ते उगाच नाही.

तर नवीन ग्रुप असेल तर म्युटंट्सच घ्या, गणिताची हौस असेल आणि वसुलीची खोड नसेल तर चॅम्पियन्स. कुठलाही घेतलात तरी पहिल्या सेशनआधी त्या प्लेयरला विचारा, हिला बरं करायचा प्लॉट आणू का? माझ्याकडे तिघांना विचारलं, तिघंही नको म्हणाले.